काउनाकचा टोचा

काउनाक मला आई म्हणतो. तो एकसष्टचा आहे आणि मी बावन्नची. त्याची आई उलायुक गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. दोन महिन्यांनी शेजारच्या घरात मी जन्मले आणि माझ्या आजीनं तेच नाव मला ठेवलं. नाव परत आलं म्हणजे माणूस परत आलं, अशी आमच्याकडची रीत. तेव्हापासून मी त्याची आई. तो रोज येऊन माझ्या तोंडाशी सीलच्या काळजाचा तुकडा धरायचा म्हणे. मला दात नव्हते, पण आईच्या वाटणीचा तुकडा आईला मिळायलाच हवा, असा त्याचा हट्ट. मी त्याला लेका म्हणते. आई असल्यामुळे त्याच्यावर ओरडायचा हक्क मला आहे, आणि बोलायला लागल्यापासून मी तो सोडलेला नाही.

आम्ही दोघं बर्फ मोजतो. गावासमोरचा समुद्र जुलैच्या मध्यापर्यंत गोठलेलाच असतो. जून लागला की वरचं हिम वितळतं आणि बर्फावर पाण्याची निळी तळी साचतात. तळी किती खोल आहेत, बर्फाचा माथा दिवसागणिक किती खाली बसतो, हे आम्ही लिहून ठेवायचं. दोनशे मीटरची दोरी ताणलेली असते. दर मीटरला काउनाक मापाची काठी उभी धरतो, आणि तळ्यात असला तर पाणी काठीवर कुठवर आलं ते ओरडून सांगतो. मधोमध तिकाटण्यावर दुर्बीण लावून मी खोक्यावर बसते, काठीवरचा आकडा वाचते आणि वहीत उतरवते. एक दिवसाआड, पाच आठवडे. पुढं किनाऱ्याजवळची भेग रुंदावत जाते, बर्फ सुटून निघून जातो, आणि वही दक्षिणेला टपालानं जाते.

हा आमचा विसावा उन्हाळा. पहिल्या वर्षी हॅरल्ड नावाचे साहेब आले होते. तीन दिवस शिकवून गेले ते गेलेच. पुढं वर्षाला एक पत्र यायचं, वही पोचली, आभारी आहे. कोणी बघायला आलं नाही. मला वाटायचं, बघण्यासारखं काय आहे त्यात? ओला माणूस, ओली काठी, आणि खोक्यावर बसून बूड गोठलेली एक बाई.

या कामाचा शीण कसा असतो ते सांगते. थंडीचा नाही, थंडी आम्हाला घरची. हा शीण पाण्याचा आहे. मांडीपर्यंतचे रबरी बूट घातले तरी चौथ्या-पाचव्या तळ्यानंतर आत ओल येते. ती ओल पाच आठवडे जात नाही, बूट चुलीशी टांगले तरी सकाळी आत हात घातला की गार. चहूकडून ऊन, वरून आणि खालून. डोळ्यांची आग होते, ओठ फुटतात. आणि आकडे. सत्तेचाळीस, सेहेचाळीस, सत्तेचाळीस, पाणी बावीस, पाणी पंचवीस. झोपेतसुद्धा मला ते ऐकू येतात. काउनाकच्या उजव्या खांद्यात आठ-नऊ वर्षांपासून कळ आहे. काम संपलं की तो स्लेजवर आडवा होतो आणि म्हणतो, "आई, मला ओढून ने." मी म्हणते, "पहिल्यांदा मला उठव." मग दोघंही तसेच पडून राहतो.

मग करतो कशाला? मी एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, "शिकारीत हात रिकामे आले तर रिकामे. यातून दर खेपेला काहीतरी घरी येतं." माझ्या वहीला तो घरी आलेली शिकार समजायचा. कोणी पाहुणा आला की वहीच्या गोष्टी सांगायचा. अमक्या वर्षी अठ्ठ्याऐंशीव्या मीटरला सीलनं श्वासाचं भोक पाडलं आणि सगळं तळं एका दिवसात आत गेलं. तमक्या वर्षी अस्वल दोरीवरून चालत गेलं, सरळ रेषेत, जणू तेही मोजत होतं. लोक जांभया द्यायचे. तो एरवी फार कमी बोलणारा, पण दोनशे मीटरबद्दल विचारा, मग थांबायचा नाही.

त्याच्या घरात बायको, मुलगी आणि आठ वर्षांची नात. मोठा मुलगा आग्लाक नोव्हेंबरच्या कोवळ्या बर्फातून बर्फगाडीसकट खाली गेला. चोवीस वर्षांचा होता. पुढं मुलीला मुलगी झाली तेव्हा तिला आग्लाक हेच नाव ठेवलं. म्हणून काउनाक त्या चिमुरडीला "पोरा" अशी हाक मारतो, आणि ती त्याला, आपल्या आजोबांना, बाबा म्हणते. माझी ती नातच लागली म्हणायची. ती माझ्याकडून आजीच्या हक्कानं साखर मागून नेते.

या वर्षी जूनमध्ये ॲनलीज आली. हॅरल्डसाहेब निवृत्त झाले, त्यांच्या जागी ही. उंच, हडकुळी, गावानं दुसऱ्याच दिवशी तिचं नाव लांबटांगी ठेवलं. आमची भाषा शिकून आलेली, पण पुस्तकातून, त्यामुळे सगळ्यांना तुम्ही म्हणायची. काउनाकनं मागं वळून पाहिलं होतं, आपल्या पाठीशी अजून कोण उभं आहे म्हणून. पण काम करणारी होती, हे म्हणायलाच हवं. पहिल्याच दिवशी रबरी बूट चढवून ती काउनाकच्या मागोमाग तळ्यात उतरली. एकोणीस वर्षांत हे कोणी केलं नव्हतं.

पंचविसाव्या मीटरला ती थांबली. पाण्यात वाकली. मग उलट चालत पहिल्या मीटरपर्यंत गेली, परत आली, आणि मला हाक मारली. मी दुर्बीण सोडून गेले. तिनं बोट दाखवलं. तळ्याच्या निळ्या तळाला ओळीनं बारीक काळी भोकं होती, बरोबर एकेका मीटरवर, शिवणीचे टाके असावेत तशी.

"ही कशाची?" तिनं विचारलं.

"काठीची," काउनाक म्हणाला.

"काठी तळात शिरते?"

"टोचल्यावर शिरणारच की."

"पण टोचता कशाला?"

काउनाकनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. हा काय प्रश्न झाला? हातात काठी असली की पाऊल टाकायच्या आधी टोचायचं. एकदा जोरात, घट्ट लागलं तर पाय, मऊ लागलं तर मागं. चालायला लागलेलं मूल हे शिकतं, आणि जे शिकत नाही ते म्हातारं होत नाही. आमचे म्हातारे दुकानाच्या फरशीवरसुद्धा काठी टोचत चालतात, दुकानदार ओरडतो तरी.

"बर्फ आहे ना," काउनाक म्हणाला. "उभं राहायचं तर विचारून घ्यावं लागतं."

"काठीच्या टोकाला एक चकती होती. रुंद, ॲल्युमिनियमची. काठी रुतू नये म्हणून. ती कुठं आहे?"

आता मला आठवलं. हॅरल्डसाहेबांचं विमान उडालं त्याच दिवशी काउनाकनं ती चकती काढून टाकली होती. काठीला वहाण कशाला, म्हणाला. वहाण घातलेल्या काठीनं बर्फ तपासता येत नाही, आणि तपासायला दुसरी काठी घेतली तर मापाची कशात धरायची, दातात? मला ते बोलणं इतकं पटलं होतं की मी हसलेसुद्धा होते.

"माझ्या घरी आहे," मी सांगितलं. "किटलीखाली."

त्या दिवशी काम तिथंच थांबलं. माझ्या घरी येऊन ॲनलीजनं किटली उचलली, काजळी धरलेली ती चकती पुसली आणि टेबलावर ठेवली. चहाला तिनं हात लावला नाही. उन्हाळ्यात बर्फ वरून कुजका होतो, काउनाकचा हात जोरकस, काठी दर वेळी बोटा-दोन बोटांनी आत जाते, आणि पाणी तेवढंच जास्त खोल दिसतं, हे तिनं हळूहळू, शब्द शोधत सांगितलं. रागावली नव्हती. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं, मी उलट रागावले असते.

"सगळ्याच वर्षी?" काउनाकनं विचारलं.

"तुम्ही सगळ्याच वर्षी टोचलं असेल तर."

"मग त्या वह्यांचं काय?"

ती म्हणाली, "तळ्यांचे आकडे टाकून द्यावे लागतील. चुकलेत एवढं माहीत आहे, कितीनं चुकलेत ते माहीत नाही. असे आकडे कोणाला वापरता येत नाहीत."

काउनाक उठला आणि बाहेर गेला. मी खिडकीतून पाहिलं. पायरीवर बसून तो बूट काढत होता, पण एकच बूट काढला आणि दुसऱ्यावर हात ठेवून तसाच बसला. मी बाहेर गेले तेव्हा म्हणाला, "आई, एकोणीस उन्हाळे मग मी काय केलं?"

मी म्हटलं, "दुसरा बूट काढ, पाय सडेल." आयांना दुसरं काय येतं? पण मला फार वाईट वाटलं. त्याच्यासाठीही, आणि माझ्यासाठीही, कारण आकडे त्याचे असले तरी अक्षर माझं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ॲनलीज परत आली. रात्रभर विचार करून तिनं एक वाट काढली होती. दर मीटरला काउनाकनं आधी आपल्या सवयीनं टोचून माप घ्यायचं, मग चकती लावलेली दुसरी काठी शेजारी हलकेच ठेवून तिनं घ्यायचं. दोन्हींतला फरक जर सारखा निघाला, तर तेवढा फरक एकोणीस वर्षांच्या आकड्यांतून वजा करता येईल. वह्या वाचतील.

"आणि सारखा नाही निघाला तर?" मी विचारलं.

"तर नाही."

घाई होती. किनाऱ्याजवळची भेग आम्ही फळी टाकून ओलांडत होतो, आणि या वर्षी ती लवकर रुंदावली होती. फळीची दोन्ही टोकं जेमतेम टेकत होती. फार तर तीन दिवस मिळाले असते.

पहिला दिवस वाया गेला. एवढ्याशा कामात काय वाया जायचं, असं वाटेल. पण ज्या माणसानं जन्मभर न बघता टोचलं, त्याला "टोच" म्हटल्यावर तो टोचायचं विसरला. पहिल्या तळ्यात त्यानं अशी काठी घातली की भाला मारावा. पाच सेंटिमीटर आत. ॲनलीजनं तोंड कसनुसं केलं, तशी पुढच्या मीटरला त्यानं काठी अंड्यावर ठेवावी तशी ठेवली. फरक शून्य. मग चार, मग एक, मग परत पाच. शंभराव्या मीटरला तो काठी धरून नुसता उभा राहिला.

"मी कसा टोचतो, आई?" त्यानं मला ओरडून विचारलं.

"मला काय माहीत? मी काठीवरचा आकडा बघते, तुझं थोबाड नाही."

"आठव ना!"

"जसा टोचतोस तसा टोच!"

"तेच तर येत नाही!"

तो इतका थकलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. परत येताना फळीवरसुद्धा त्यानं काठी टेकवली नाही, माझ्या खांद्याचा आधार घेतला. घरी रोटी आणि सीलचा रस्सा वाढला तर चमचा हातात धरून बसला. "नको त्यांचं वजा-बिजा," म्हणाला. "टाकून देऊ देत. माझा हातच माझं ऐकत नाही."

मी मात्र विचारात पडले. पोराला झोप येत नसेल तर झोप झोप म्हणून येत नाही, त्याचं लक्ष दुसरीकडे न्यावं लागतं. दुसऱ्या दिवशी मी दुर्बिणीशी बसलेच नाही, तिथं ॲनलीजला बसवलं. आकडे तिलाच वाचता येत होते. चकतीची काठी मी घेतली आणि काउनाकच्या शेजारी तळ्यात उतरले. पहिल्याच पावलाला मी भांडण काढलं.

"लेका, माझी चामडं खरवडायची चांगली सुरी तू रंगाचा डबा उघडायला नेली होतीस. आठवतं?"

"हे आता कशाला?"

"पातं मोडून आणून गुपचूप ठेवलंस. वर मला विचारतोस, आई, सुरी कशी मोडली?"

"मी नाही मोडली! आधीच तडा होता!"

"तडा तुझ्या डोक्यात होता."

"त्या सुरीला वीस वर्षं झाली!"

"सोळा. आणि ती माझ्या आजीची होती. म्हणजे तुझ्या आईला नाव देणारीची. लाज नाही वाटली?"

तो चिडला. चिडून पुढं चालू लागला आणि चालता चालता टोचू लागला, ठक, पाय, ठक, पाय, मान माझ्याकडे वळवून, हात आपोआप. मी मागोमाग चकतीची काठी ठेवत होते आणि तोंड चालू ठेवत होते. सुरी संपल्यावर मी त्याच्या लग्नातल्या बुटांवर गेले. बुटांवरून माझ्या नवऱ्याच्या होडीच्या इंजिनावर, जे त्यानं दुरुस्त करून देतो म्हणून उघडलं आणि चार वर्षं उघडंच ठेवलं. ॲनलीज दुर्बिणीतून बघत एकेक आकडा लिहीत होती, तिला आमचं अर्धं बोलणं कळत नव्हतं आणि तेच बरं होतं. दोनशेव्या मीटरला पोचलो तेव्हा माझा घसा बसला होता आणि काउनाकच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

"झालं, लेका," मी म्हटलं. "संपलं. सुरीला तडा होता, मला माहीत आहे."

त्याला समजायला जरा वेळ लागला. मग तो पाण्यात उभा राहूनच हसायला लागला.

तिसऱ्या दिवशी हाच प्रकार पुन्हा केला, भांडणाचे विषय नवे. आमच्याकडे साठा भरपूर आहे. दोन्ही दिवसांचे आकडे जुळले. कुठं अडीच, कुठं साडेतीन, पण बहुतेक ठिकाणी तीन सेंटिमीटर. ॲनलीजनं काउनाकचा हात हातात घेऊन हलवला, सोडेचना. त्याच दुपारी फळीचं एक टोक पाण्यात गेलं. आम्ही उडी मारून किनाऱ्यावर आलो.

वह्या वाचल्या असं मला वाटलं. मी मासा शिजवला, काउनाक दोन वाट्या जेवला.

पुढच्या दिवशी दुपारी ॲनलीज संगणक घेऊन माझ्या टेबलाशी बसली. काउनाक समोर होता, मी चहा ओतत होते. किटली आता पाटीवर ठेवावी लागत होती. संगणकावर तिनं एकोणीस उन्हाळ्यांची एक रेघ काढली होती, कधी जरा वर, कधी जरा खाली. तिनं मधल्या एका जागेवर बोट ठेवलं. तिथं रेघ एकदम खाली गेली होती, तीन वर्षं खालीच राहून परत वर आली होती.

"तीन वजा केल्यावर बाकी सगळं नीट बसतंय," ती म्हणाली. "ही तीन वर्षं सोडून. नववा, दहावा आणि अकरावा उन्हाळा. हॅरल्डना वाटायचं त्या हिवाळ्यांत हिम कमी पडलं असेल. पण मी तपासलं, हिम कमी नव्हतं. आणि आणखी एक. वहीत तुम्ही काम सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ लिहिली आहे. त्या तीन उन्हाळ्यांत काम दर वेळी तासभर आधी संपलंय."

मी वेळ लिहायची, हे मीच विसरले होते.

"काठी तेव्हा दुसऱ्या कोणाच्या हातात होती का?" तिनं विचारलं. "तसं असेल तर सोपं आहे. मी तसं लिहीन, आणि बाकी सगळे आकडे राहतील. पण काहीतरी कारण लिहावं लागेल. ही तीन वर्षं अशी का, हे कळलं नाही, तर टोचा बाकीच्या वर्षी सारखाच होता हे तरी लोकांनी कशावरून मानावं? मग सगळंच जाईल."

नववा उन्हाळा. मी मनात बोटं मोजली, आणि ते वर्ष कोणतं ते कळल्यावर किटली खाली ठेवली. मी खोटं बोलायला तोंड उघडलं होतं. माझा भाऊ होता म्हणणार होते. भाऊ आता दुसऱ्या गावी राहतो, कोण विचारायला जाणार? एक शब्द बोलायचा आणि एकोणीस उन्हाळे वाचवायचे.

"मीच होतो," काउनाक म्हणाला.

"मग?"

"तपासत नव्हतो."

"म्हणजे?"

"बर्फ तपासत नव्हतो. काठी नुसती ठेवायचो आणि पाऊल टाकायचो." तो कपाकडे बघत बोलत होता. "त्याच्या आधीच्या नोव्हेंबरात आग्लाक गेला. माझा मुलगा. पडलो तर पडलो, असं वाटायचं मला. मुद्दाम काही केलं नाही मी. फक्त विचारायचं सोडून दिलं."

बाहेर कोणाचे तरी कुत्रे भुंकत होते, ते थांबेपर्यंत तो थांबला.

"मग पोर आली," तो म्हणाला. "बाराव्या उन्हाळ्याच्या आधी, वसंतात. आग्लाक परत आला. मग टोचायला लागलो."

बारा वर्षं होतील येत्या नोव्हेंबरात. या बारा वर्षांत हे तो माझ्याकडे बोलला नव्हता. त्याच्या बायकोकडेही नसणार.

ॲनलीजनं रेघेतल्या त्या तीन वर्षांवरून बोट फिरवलं. मग हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे या तीन वर्षांतून काही वजा करायचं नाही. एकोणीस वर्षांत एवढेच आकडे बरोबर आहेत."

"हं," काउनाक म्हणाला. "तसं लिही."

"आणि कारण?"

"सांगितलं ते. मुलगा गेला होता म्हणून लिही. खोटं नाही ते."

तिनं लिहिलं. वह्या राहिल्या, सगळ्या एकोणीस. तो उठला, त्यानं टोपी घातली, "आई, जातो," म्हणाला आणि काठी टोचत पायऱ्या उतरून गेला.

मी भांडी तशीच टाकून बसून राहिले. ते तीन उन्हाळे मला चांगले आठवतात. दुर्बिणीत मला काठी दिसायची, आणि ती पूर्वीसारखी रुतून बसत नव्हती, उपटावी लागत नव्हती. काउनाक भराभर पुढं सरकायचा, एका तळ्यातून दुसऱ्यात, कुठं थांबायचा नाही. तासभर आधी घरी जायला मिळायचं, मासे वाळत घालायला मला वेळ मिळायचा, मी खुशीत असायची. "लेका, आता कुठं तुला हे काम जमायला लागलं," असं मी त्याला म्हणाले होते. एकदा नाही, तिन्ही उन्हाळे म्हणत होते.